सहाची रियाजी, साडेचारची हॉकी

१२ जुलै १९४४

आजपासून नुसता अभ्यास करणं गुन्हा आहे!

सदर साहेबांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, सगळ्या दहावीला मैदानात उभं केलं आणि हैदराबादहून आलेला हुकूम वाचून दाखवला. मॅट्रिकनंतर ज्याला कॉलेजचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, हवा, त्यानं वर्षभरात किमान दोन ‘गैरनिसाबी मशागिल’ करावेत आणि तसा दाखला अर्जाला जोडावा. मशागिल म्हणजे उद्योग. गैरनिसाबी म्हणजे अभ्यासाबाहेरचे. सरकारला नुसते किताबी कीडे नकोत, चौफेर तरुण हवेत — सदर साहेब म्हणाले. ‘चौफेर’ म्हणताना त्यांनी हात फिरवला तो पहिल्या रांगेतल्या दोघांना लागला.

मी गेली पाच वर्षं कीडा होण्यासाठीच खपतोय. आता कुठं झालो, तर कीडे बंद.

वजीफा नाही तर कॉलेज नाही. कॉलेज नाही तर राणीसावरगाव आणि बाची मेंढरं. हे समीकरण सोडवायला गणित लागत नाही.

१५ जुलै

गणित मात्र घेतलंच. साधं नव्हे — आला रियाजी, म्हणजे वरच्या दर्जाचं. शाळेच्या वेळापत्रकात तिला जागा नाही, म्हणून व्यंकटराव मास्तर सकाळी सहा ते आठ वेगळा वर्ग घेतात. पुस्तक उर्दूत, मास्तर मराठीत, फळ्यावरचा त्रिकोण दोन्हीत सारखाच अवघड.

पहिल्या दिवशी आम्ही नऊ जण. मास्तरांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, “दिवाळीपर्यंत यातले चार राहतील. ज्यांना जायचंय त्यांनी आजच जावं, माझा खडू वाचेल.” दोघे खरोखरच गेले. मास्तरांना त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

घरी आत्याला सांगितलं. कडूबाई आत्या बाची थोरली बहीण. परभणीत लोकर कातते आणि मला सांभाळते, दोन्ही कामं तोंड चालू ठेवून. तिनं चाती थांबवली.

“सकाळी एक शाळा, दुपारी एक, आन् आता संध्याकाळी खेळायची एक. तीन शाळा शिकून नौकरी एकच लागंल न्हवं का रं?”

लागली तर, मी म्हणालो.

२० जुलै

उद्योग निवडायचा आज शेवटचा दिवस. मी काही निवडलं नाही. मीच निवडला गेलो.

मधल्या सुटीत कुणाच्या तरी शेळ्या मैदानात घुसल्या. पुढं एक दांडगा बोकड, मान खाली घालून सरळ पोरांवर. पोरं पळाली. मी सवयीनं वाटेत उभा राहिलो, कुणाची तरी पडलेली हॉकी उचलून आडवी धरली. बोकड डावीकडं — मी डावीकडं. बोकड उजवीकडं — मी उजवीकडं. शेवटी तोच कंटाळला.

मागून शिट्टी वाजली. ड्रिल मास्तर गफूर खान साहेब. पूर्वी फौजेत होते, अजून तिथंच आहेत असं चालतात.

“ए पोट्टे! नाम?”

“रायभान.”

“कल से साडेचार बजे गोल में खडा रह.”

“साहेब, मला हॉकी येत नाही.”

“तो बकरे कू आती थी क्या?”

सदर साहेबांच्या वहीत माझ्या नावापुढं ‘हॉकी’ लागली. दुसरा उद्योग मी स्वतः निवडला — स्काउट. त्यात तरी बोकड नसेल.

२२ जुलै

मांड्या भरून आल्यात, बसता येत नाही. सकाळच्या वर्गात दोन तास उभाच होतो. व्यंकटराव मास्तरांना वाटलं आदरानं. खूश झाले!

२८ जुलै

शुक्रवार. निजामाच्या राज्यात हीच शाळेची सुटी. म्हणजे सकाळी जादा रियाजी आणि दुपारी जादा हॉकी. सुटी कुणाला असते ते शोधलं पाहिजे.

१० ऑगस्ट

स्काउटमध्ये नापास झालो.

परीक्षा अशी: उघड्यावर चूल मांडायची, दोन काड्यांत जाळ करायचा, भाकरी किंवा भात शिजवायचा. मी सहा वर्षांचा असल्यापासून हेच करत आलो. मेंढरांमागं हिंडणारी माणसं दुसरं काय करतात? त्यामुळं मनात म्हटलं, ही एक गोष्ट तरी फुकट मिळणार.

सकाळपासून भुरभुर होती. लाकडं ओली. सगळ्यांच्या काड्या विझल्या. मी खिशातली चकमक काढली, थोडा कापूस धरला, दोन ठिणग्या, फुंकर — जाळ! भाकरीसुद्धा झाली. करपलेली नव्हती.

स्काउट मास्तरांनी पुस्तक उघडून दाखवलं. त्यात ‘दोन काड्या’ असं छापलंय. चकमक छापलेली नाही. “तू नियम मोडलास,” ते म्हणाले. भाकरी मात्र त्यांनीच खाल्ली. ज्याची दुसरी काडी थोडीशी धुमसली, तो पास.

त्याचं नाव बन्सीधर. वालूरच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच बाकावर बसतो. त्याला आयुष्यात पहिल्यांदा चूल इतक्या जवळून बघायला मिळाली, असं तोच म्हणाला.

आता दुसरा उद्योग शोधणं आलं.

२८ ऑगस्ट

तिसरा उद्योग आपोआप लागलाय — डाकवाल्याचा. व्यंकटराव मास्तर आणि खान साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. दोघांत एक मुलगा सामाईक, तो मी. म्हणून सगळे निरोप माझ्यातर्फे.

सकाळी मास्तर: “तुझ्या ड्रिल मास्तरांना सांग, पोराचा मेंदू पायात नसतो.”

संध्याकाळी मी: “साहेब, मास्तर म्हणतात जरा लवकर सोडत जा.”

खान साहेब: “तेरे मास्तर कू बोल, हिसाब से गोल नै रुकता.”

दुसऱ्या दिवशी मी: “मास्तर, साहेब बघतो म्हणाले.”

दोघांच्या मते दुसऱ्याचा स्वभाव हल्ली सुधारतोय.

१३ सप्टेंबर

बन्सीधरनं मला मुबाहिशात ओढलं. म्हणजे वादविवाद. उर्दूत. तो त्या मंडळाचा चिटणीस आहे. विषय: ‘शहरापेक्षा देहातचं जगणं चांगलं’. मी देहाती, म्हणून मी चांगल्याच्या बाजूनं.

भाषण बन्सीधरनंच लिहून दिलं, कारण त्याचं उर्दू माझ्याहून गोड आहे. त्यात पहाटेची झुळूक आहे, बुलबुल आहे, झाडाखाली बासरी वाजवणारा मेंढपाळ आहे.

मी म्हणालो, आमच्याकडं कुणी बासरी वाजवत नाही. ओरडून ओरडून घसे बसलेले असतात.

“लोकांना बासरी आवडते,” तो म्हणाला.

१० ऑक्टोबर

मुबाहिसा झाला. मला दुसरं बक्षीस! दाखल्याची काळजी मिटली — हॉकी आणि मुबाहिसा, दोन झाले.

पण लिहायचंय ते वेगळंच. मी बुलबुलापर्यंत आलो आणि खिडकीकडं लक्ष गेलं. बाहेर बा उभा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात आत्यासाठी आणलेली तुपाची बरणी. मला न सांगता आला होता. खिडकीच्या गजांना धरून ऐकत होता.

मी अडखळलो. मग पुढं बासरी होती, ती वाजवावीच लागली. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मला वाटलं, बानं पुढं येऊ नये. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं खरं.

तो आला नाही. फाटकाशी थांबला. मग आम्ही घराकडं चालत निघालो. उर्दू त्याला चांगलं समजतं, बाजारात तेच बोलतो. वाटेत म्हणाला,

“लय झ्याक बोललास. पर कोणत्या गावाचं बोलायलतास रं? आपल्याकडं तर तसलं काई न्हाई.”

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होता. असं गाव असेल तर मेंढरं तिकडं न्यायचा त्याचा विचार असावा.

२३ ऑक्टोबर

सहामाहीचे मार्क. मुबाहिसा: दुसरा. हॉकी: चार सामन्यांत दोनच गोल खाल्ले. आला रियाजी: शंभरात अडतीस.

चौफेर तरुण होत चाललोय. चौथी फेर तेवढी खचली.

व्यंकटराव मास्तर रागावले असते तर बरं. त्यांनी पेपर माझ्या हातात दिला आणि तपकिरीची डबी कितीतरी वेळ उघडलीच नाही.

“वर्गात आता चौघं आहेत. मी सांगितलं होतं तेवढेच. पण त्या चौघांत तू झोपून राहशील असं धरलं नव्हतं. निवड, रायभान. अंग चोरून गणित होत नाही.”

संध्याकाळी खान साहेब: “नांदेड का मॅच जनवरी में है. पूरा ध्यान इधर दे, नै तो अब्बीच जा. दो घोडों पे एक जन नै बैठता.”

दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. निरोप पोचवायचीही गरज उरली नाही.

२४ ऑक्टोबर

आत्याला विचारलं, मी काय सोडू?

“मला काय इचारतोस? मला दोन्हीतलं काई कळत न्हाई. तू झोप सोड आन् भाकर खा.”

झोप केव्हाच सोडलीय.

५ डिसेंबर

आज एक गंमत झाली. गंमत नव्हे, शोध. शोध म्हणायला लाज वाटते, पण म्हणतो.

गोलात उभा होतो आणि डोक्यात सकाळचा प्रश्न — एका बिंदूपासून दोन खांबांपर्यंत रेषा, मधला कोन किती. समोरून बन्सीधर चेंडू घेऊन येत होता. एकदम दिसलं: बिंदू म्हणजे बन्सीधर. खांब म्हणजे गोलाचे खांब. मी रेषेवर उभा राहिलो तर मला सगळी रुंदी राखावी लागते. चार पावलं पुढं गेलो तर त्याच दोन रेषांमधली जागा आकसते. मी तेवढाच, पण जागा कमी!

पुढं गेलो. अडला. पुन्हा आला, पुन्हा पुढं गेलो, पुन्हा अडला. आठपैकी आठ.

खान साहेब शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. “ये आगे आना किन्ने सिखाया?”

“व्यंकटराव मास्तरांनी.”

त्यांना वाटलं चेष्टा. मी काठीनं मातीत आकृती काढून दाखवली. उकिडवे बसून बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, हिसाब से गोल नै रुकता. तसं म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, “इस जाविये कू नापते कैसे?” जाविया म्हणजे कोन.

मी सांगितलं. खाली मान घालून ऐकलं. मग उठून सगळ्यांना मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावल्या. विनाकारण!

६ डिसेंबर

मास्तरांना सांगितलं की खान साहेबांनी कोन मोजायचा कसा ते विचारलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

“विचारलं?” म्हणाले. “बरं.” आणि निरोप काही दिला नाही.

२ जानेवारी १९४५

निवड परीक्षा अठरा जानेवारीपासून. यात पास झालं तरच मॅट्रिकला बसू देणार. नांदेडचा सामना वीस जानेवारीला. त्या दिवशी सकाळी तारीखचा, म्हणजे इतिहासाचा पेपर. तो आटोपून धावत स्टेशन गाठलं तर गाडी मिळते. मी वेळ मोजून पाहिलीय. एक मिनिट उरतं.

रियाजी आता जमायला लागलीय. मास्तरांनी परवा दिलेले दहाही प्रश्न सुटले. ते म्हणाले, “हं.” मास्तरांचं ‘हं’ म्हणजे मुबाहिशाचं पहिलं बक्षीस.

१६ जानेवारी

दुपारी शाळेतून आलो तर माय आत्याच्या ओट्यावर बसलेली. माझी माय, म्हाळसाबाई, मेंढरं सोडून परभणीला येते म्हणजे काहीतरी झालं.

बाचा पाय मोडला. ओढ्याच्या दरडीवरून घसरला. पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलाय, हलायचं नाही म्हणून सांगितलंय. मेंढरं पोखर्णीच्या शिवारात आहेत. तिथलं चरायचं संपलं. ती गंगा, म्हणजे गोदावरी, उतरवून राणीसावरगावला न्यायला पाहिजेत. हाकायला कोण? धाकटी बहीण अंबी. वय बारा.

माय मला ये म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “अंबी येकली हाय. गंगा उतरायची हाय म्हून सांगाया आले. तुझी काई परीक्षा-गिरीक्षा आसंल तर ऱ्हाऊ दे.”

आत्या तिला म्हणाली, “आसती की. याची रोजच आसती.”

मास्तर म्हणाले होते निवड. खान साहेब म्हणाले होते निवड. झाली निवड. मला काही करावं लागलं नाही.

१७ जानेवारी

निघण्याआधी दोघांना चिठ्ठ्या लिहिल्या. मास्तरांना मराठीत, साहेबांना उर्दूत. मजकूर एकच. आपले निरोप मी आजवर बदलून पोचवले, तेही कबूल करून टाकलं. आता लपवून काय उपयोग?

२० जानेवारी

पोखर्णीपासून दोन मुक्काम पुढं. या क्षणी नांदेडला सामना चालू असेल.

मेंढरं माझं ऐकत नाहीत. मी ओरडतो तर माना वर करून बघतात, जसा सदर साहेबांचा हुकूम बघावा. अंबी नुसतं जिभेनं टक्‌ करते, की चालायला लागतात. टाचांना फोड आलेत. हॉकीनं झालं नाही ते तीन दिवसांत झालं.

“दादा, ती तुला वळखत न्हाईत,” अंबी म्हणाली. “तू मधी-मधी बोल त्यांच्यासंग. न्हाईतर त्यास्नी वाटतं पाव्हणा हाय.”

आणखी एक नापासी. हिला फेरपरीक्षा नाही.

२३ जानेवारी

गंगा उतरलो.

पाणी गुडघ्याएवढं, पण मधे एक धार खोल आणि वेगाची. बा भाड्याच्या बैलगाडीत, पाय लाकडासारखा पुढं धरून. तिथूनच ओरडून सांगत होता. अंबी पुढं, माय मागं, मी धारेच्या खालच्या अंगाला छातीएवढ्या पाण्यात. मेंढरं एकामागं एक नीट चालली होती. तेवढ्यात मधली एक बिचकली आणि तिच्यामागची वळली. सगळी वळली असती, पण अंबीनं पुढच्यांना पाण्यातून ओढून काढलं. नऊ धारेत आली. माझ्या दिशेनं.

मी हात पसरले. दुसरं काही सुचलंच नाही. एक डावीकडून, दोन समोरून. लोकर धरली, कान धरला, पाय धरला, मायकडं ढकललं. सात अडवली. दोन माझ्या हाताखालून गेली. एकीच्या लोकरीला बोटं लागली होती. बोटांना अजून कळतंय.

नऊपैकी सात. हॉकीत लोकांनी खांद्यावर घेतलं असतं.

अंबी काठावर बसून रडली. त्या दोघींना नावं होती म्हणे. मला माहीत नव्हतं.

बा गाडीतून बघत होता. मी जवळ गेलो तेव्हा घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. “गेली ती गेली. सात धरलीस न्हवं? थंडी वाजायलीय तुला.” मग जरा वेळानं — “तुझी परीक्षा कवा हाय?”

“झाली,” मी म्हणालो.

“बरी गेली का?”

मी मान हलवली. कशीही समजावी अशी.

२९ जानेवारी

परभणी. मॅट्रिकला बसणाऱ्यांची यादी लागलीय. माझं नाव नाही. असायचं कारणही नाही. पाचही पेपरांना गैरहाजिर.

नांदेडला आपण सात गोलांनी हरलो. बन्सीधर गोलात उभा होता. बिचाऱ्यानं चष्मा लावून खेळायचा प्रयत्न केला. त्याला गंगेची हकीकत सांगितली, ती संध्याकाळपर्यंत शाळाभर झाली.

३० जानेवारी

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. पुढं मलाच खरं वाटणार नाही.

सदर साहेबांच्या खोलीबाहेर उभा होतो. बोलावलं नव्हतं, जावं की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात व्हरांड्याच्या एका टोकानं व्यंकटराव मास्तर आले. दुसऱ्या टोकानं खान साहेब. दारात समोरासमोर आले. दोघंही थांबले. मग खान साहेबांनी पडदा बाजूला धरला. मास्तर आत गेले. शब्द नाही!

आतलं सगळं ऐकू येत होतं. दोघंही बोलत होते, पण फक्त सदर साहेबांशी.

“साहेब, याचे पाचही पेपर मी पुन्हा घेतो. माझ्यासमोर. नापास झाला तर मीच काढून टाकीन.”

“हुजूर, ये पोट्टा आठ दिन में साठ मील चला. दर्या में खडा होके जानवर बचाया. फौज में इसकू तमगा देते.”

(साठ नव्हते, पस्तीस असतील. मी बाहेर गप्प राहिलो.)

सदर साहेब: “लेकिन ज़ाबिता? नियम काय म्हणतो?” आणि दाखल्याचं काय? नांदेडला आला नाही, म्हणजे हॉकी अपुरी. उद्योग एकच राहतो.

मग खान साहेब: “हुजूर, हुकूम में लिखा है निसाब के बाहर का काम. मेंढ्या चारना अपने निसाब में है क्या?”

“नाही.”

“तो बाहर का हुआ.”

व्यंकटराव मास्तर सदर साहेबांना म्हणाले, “यांचा मुद्दा बिनतोड आहे.” यांचा! नाव नाही घेतलं. पण यांचा!

दाखला मिळाला. सही-शिक्क्यासकट. दुसरा मशगला: गल्लाबानी. म्हणजे मेंढरं राखणं.

आत्याला वाचून दाखवला. “गल्ला? कोण्या दुकानाचा?” मी अर्थ सांगितला. तिनं चाती खाली ठेवली. “म्हंजी तुझा बा पन्नास साल काम करायलाय, त्याला सरकारात खेळ म्हन्तात?”

मी दाखला अर्जाला जोडला.

११ फेब्रुवारी

पाचही पेपर दिले. पास. रियाजीत मास्तरांनी तीन प्रश्न मुद्दाम जास्त अवघड काढले होते. मी म्हणालो, बाकीच्यांना असे नव्हते. ते म्हणाले, “बाकीचे माझ्या शब्दावर बसलेले नाहीत.”

२२ मार्च

मॅट्रिक संपली. लिहिण्यासारखं काही नाही. झोपतो.

१८ जून

राणीसावरगावहून आलो. बा आता काठी टेकत चालतो. मेंढरं मला थोडी ओळखायला लागलीत, निदान पाहुणा समजत नाहीत.

निकाल लागला. पास! आला रियाजीत शंभरात ब्याऐंशी. वजीफा मंजूर. हैदराबादला कॉलेज, जुलैच्या मध्यापासून. आत्या रडली आणि मग रडवलं म्हणून मलाच शिव्या दिल्या.

मंजुरीच्या कागदाबरोबर माझा दाखला परत आला होता आणि आणखी एक हुकूम होता. गैरनिसाबी मशागिलची अट अर्जदारांना गैरसोयीची आढळल्यानं ती मनसूख, म्हणजे रद्द. दाखल्यांचा विचार केला गेलेला नाही.

दोनदा वाचला. मग दाखला घडी करून ठेवला. बाचा उद्योग निदान एकदा सरकारी कागदावर आलाय, तो असू दे.

२८ जून

व्यंकटराव मास्तरांना पंचावन्न पुरी झाली. नोकरीतून निवृत्त झाले, त्या पेन्शनलाही इथं वजीफाच म्हणतात. त्यांना थांबण्याचा मिळाला, मला निघण्याचा. ते मुलाकडं जालन्याला चाललेत.

स्टेशनवर गेलो होतो. म्हणाले, “नवे मास्तर वीस तारखेपर्यंत यायचे नाहीत. तुझं कॉलेज लागेपर्यंत सहाचा वर्ग तू घे. सदर साहेबांशी बोललोय.”

मी म्हणालो, मला शिकवता येत नाही.

“मलाही येत नव्हतं. एकाला तर तीन वर्षं शिकवून कळलं नाही, माझं कुठं चुकतंय.” कुणाला, ते सांगितलं नाही. गाडी सुटली.

२ जुलै

सहाला वर्ग उघडला. अकरा जण आले. बारावे शेवटच्या बाकावर खान साहेब. शिट्टी नाही. हातात कोरी वही.

तपासायला आले असतील म्हणून जवळ गेलो. हळूच म्हणाले, “मॅट्रिक में तीन दफे रियाजी में गिरा मैं. इसीच वर्ग में. सत्रा साल हुए. मास्तर थे तब तक अंदर आने की हिम्मत नै हुई. तू चालू कर.”

मी हजेरी घेतली. बारावं नाव पेन्सिलीनं लिहिलं आणि वाचलं.

ते ताठ उभे राहिले. “हाजिर, मास्तर.”